कोवळी पेंढी

द्वारकाबाईच्या दहा गुंठ्यांत हळद नाही, याचं गावाला अजून नवल वाटतं. औंढ्याच्या रस्त्यावर त्या शिवारात बांधाला बांध लावून हळद उभी असते. मधेच हिचा तुकडा. अर्ध्यात हत्तीगवत, अर्ध्यात कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी.

"लोकं हळद लावून सोनं करतेत, आन् ही गवत लावून शेण करती," हळदवाला सटवाजी पारावरून म्हणायचा.

"तुज्या सोन्याला म्हैस तोंड लावती का, इचार," ती चालता चालता म्हणायची.

तिच्या सासूची एक रीत होती. कापणीची पहिली पेंढी आपल्या गोठ्यात टाकायची नाही, दुसऱ्याच्या दावणीला द्यायची. सासू गेली. द्वारकाबाईनं रीत मोडली नाही.

यंदा श्रावणात तीन आठवडे उघडीप पडली. कडवळाची एक कापणी झाली होती, बुडख्यांना पुन्हा फुटवे आले होते. विहिरीचं पाणी वरच्या सऱ्यांना पुरलं, तिथलं कडवळ फुलावर आलं. खालच्या कोपऱ्यात पाणी पोचलंच नाही. तिथं ते गुडघ्याएवढं राहिलं. काळपट हिरवं, पानं सुरळी झालेली.

त्या सोमवारी तिनं दुसऱ्या कापणीची पहिली पेंढी कोपऱ्यातली कापली. ओढ्यापलीकडच्या मिराबाईची गाय सात महिन्यांची गाभण होती. लाल कंधारी जातीची, कालवडीपासून मिरानंच वाढवलेली. गाभण जित्राब आहे, कोवळं खाऊ दे, असं द्वारकाबाईच्या मनात आलं. मिरा निंदायला गेली होती. पेंढी तिच्या ओसरीवर ठेवून द्वारकाबाई परतली.

चारच्या सुमाराला तिच्या शेळीनं खुंटा उपटला आणि त्याच कोपऱ्यात घुसली. द्वारकाबाई हाकलायला गेली तेव्हा शेळीचे पाय लटपटत होते. तोंडाला फेस होता. मान मागं गेली, शेळी आडवी झाली. नवरा, सोनाजी, विहिरीवरून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"पान लागलं का काय?" सोनाजीनं विचारलं. सापाचं नाव तो घेत नसे.

तिनं शेळीचं तोंड उघडलं. आत चघळलेली पानं होती.

"न्हाई. किराळ लागली."

पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष धरतं, त्याला किराळ म्हणतात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती स्वतःच सगळ्यांना बजावायची, फुलावर आल्याबिगर जनावराला टाकू नका. मग तिला शेळीशेजारचे ताजे बुडखे दिसले. विळ्यानं कापलेले. तिच्याच विळ्यानं.

"पेंढी," ती म्हणाली.

"कोणची पेंढी?"

"मिराच्या गाईला दिली. हितलीच."

सोनाजीनं खिशातला फोन काढला. "फोन लावू?"

"तिचा फोन पोरापाशी, पोरगं वसमतला. तुमी डॉक्टरला लावा. मी चालले."

ती पळाली. पायात चप्पल नव्हती. मिरा पाचला घरी येते. आली की आधी गाय बघते, मग स्वतः पाणी पिते. ओढ्यातल्या दगडावरून पाय सटकला, गुडघा फुटला. तिला शेळीची मान दिसत होती. शेळीच्या जागी गाय दिसत होती. पोटात वासरू असलेली.

मिरा अंगणात पाय धूत होती.

"काय गं अक्का, वाघ लागला का मागं?"

"पेंढी कुटंय?"

"टाकली की आत्ताच. लई आवडीनं खाऊन राहिली."

द्वारकाबाई गोठ्यात शिरली. गव्हाणीतलं उरलेलं तिनं ओढून बाहेर फेकलं. गाईच्या जबड्यात हात घालून पानं उपसली. बोटं दाढेखाली सापडली, तरी ती उपसत राहिली.

"काहून हिसकती? येड लागलं का तुला?"

"मिरा, इख हाय ते. मी इख दिलं तुज्या गाईला."

मिरानं तिच्याकडं एकदा पाहिलं. आत गेली आणि गुळाची ढेप घेऊन आली.

दोघींनी विषावर उतारा म्हणून गूळपाणी कालवून बाटलीनं पाजलं. गाईचे मागचे पाय कापत होते. श्वास भात्यासारखा चालला होता. मोटारसायकलवरून डॉक्टर आला तोवर युग लोटलं. त्यानं शिरेत इंजेक्शन दिलं.

"अर्धीच खाल्ली म्हणून उभी आहे," तो म्हणाला. "सगळी खाल्ली असती तर..."

दोघी गाईच्या दोन बाजूंना बसल्या. दिवस बुडाला. आधी पायांची थरथर थांबली. मग कितीतरी वेळानं जबडा हलला, गाय रवंथ करू लागली.

"घरी जा," मिरा म्हणाली.

पुढचे आठ दिवस दोघींत शब्द नव्हता. द्वारकाबाईनं कोपरा कापून वाळत टाकला. मिराच्या दारावरून जायची वाट तिनं सोडली. गाईची चौकशी कुणाकडं करायचीही तिला हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी मिरा विळा घेऊन बांधावर उभी राहिली.

"फुलावर आलेलं कोणचं?"

द्वारकाबाईनं हात केला. मिरानं स्वतः कापलं, भारा बांधला. मग त्यातलं कवळभर घेऊन ती द्वारकाबाईच्या गोठ्यात गेली आणि तिच्या म्हशीपुढं टाकलं.

दोघी उंबऱ्यावर बसल्या. म्हैस हेच कडवळ आठवडाभर खात होती. तरी द्वारकाबाईची नजर तिच्या पायांवरून हलेना. म्हशीनं कातडी थरथरवली.

"मिरा!"

"माशी बसली तिला. भेती काहून एवढी?"

अर्धा तास गेला. मिरानं भारा डोक्यावर घेतला. द्वारकाबाईनं तेव्हा कुठं विचारलं, "पोटातलं... हलतं का गं?"

मिरा अंगणात थांबली. भाऱ्यामुळं तिला मान वळवता येत नव्हती.

"सकाळी हललं," ती म्हणाली. "आता जाऊन बघते."