सोमवारी पावणेएक वाजता

कामावरून कमी करायच्या माणसांची यादी आमच्या चौघांच्या टीमबाहेर गेल्याचा साहेबांना संशय होता. फाईल कुणी शेअर केली ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या तोऱ्यात नोंदी उघडल्या आणि थिजलेच. शेअर करणारी मीच होते! शेजारच्या टेबलावरच्या वैशालीनं रजेचा फॉर्म मागितला, तेव्हा आळसानं मी तिला अख्खं फोल्डरच पाठवलं होतं. यादी त्यातच होती, आणि यादीत तिसरं नाव वैशालीचं.

तिनं ती तीन आठवड्यांपूर्वी उघडली होती, सोमवारी पावणेएक वाजता. एक वाजता आम्ही दोघी डबा खातो. तिचं नाव यादीत आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी मीच डबा नुसता चिवडत बसले होते. "जेवत का नाहीस गं?" असं विचारून तिनं तिची भरली वांगी माझ्या डब्यात वाढली होती.

कुणी, कधी, किती वाजता, सगळं नोंदीत असतं. ही वांगी कुठे नोंदवायची?

वैशाली मागे येऊन कधी उभी राहिली, कळलंच नाही. स्क्रीनवरचं स्वतःचं नाव तिनं शांतपणे वाचलं.

"चल," ती म्हणाली, "आधी जेवून घेऊ."