आम्हाला खाली आणणारी

कारगिलच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा माझ्या पायात घुसला. शेजारच्या स्ट्रेचरवर माझ्या पलटणीतला जोडीदार होता. त्याच्या पोटातून वाहणारं रक्त थांबत नव्हतं. आम्हाला न्यायला छोटं हेलिकॉप्टर आलं. ते चालवणारी पंचविशीतली मुलगी होती.

"बाई हाय रं," जोडीदार पुटपुटला.

ती मागं वळली. "व्हय, बाईच हाय. मिरजेची. तुमचं गाव?"

"तासगाव," तो म्हणाला. मी माण तालुक्यातला, हे मीच सांगून टाकलं.

"मग बोलत ऱ्हावा. झोपू नगा."

आम्ही उडालो तसे आसपास गोळे फुटू लागले. ती हेलिकॉप्टर दरीत इतकं खाली घेऊन गेली, की दगडन् दगड दिसत होता. तिनं ते एकदाही डगमगू दिलं नाही. मध्येच मान न वळवता ती मोठ्यानं विचारायची, "तासगावकर, द्राक्षं कवा खायला घालताय?"

"फेब्रुवारीत या," तो कण्हत सांगायचा.

खाली उतरलो तेव्हा तो शुद्धीवर होता. वाचेल, धावत आलेले तळावरचे डॉक्टर म्हणाले. तिचं नाव विचारावं म्हणून मी हात वर केला. तिला तो सलाम वाटला. तिनंही कडक सलाम ठोकला आणि पंखा न थांबवताच ती पुन्हा वर निघाली. तिकडं अजून माणसं वाट बघत होती.