दादाचं तिसरं व्हायोलिन

दादाने आयुष्यात एकूण तीन व्हायोलिनं बनवली. पहिलं बिघडलं, दुसरं एका शाळेला देऊन टाकलं आणि तिसरं बहिणीसाठी बनवलं. बहिणीने ते घेतलं नाही. तीन वाक्यांत आटपण्यासारखी गोष्ट आहे, पण तिच्यापायी दोन माणसांच्या आयुष्याची जी वाट लागली, ती सांगायची तर जरा बैठक मारूनच सांगायला हवी.

बहिणीला सगळे धाकटी म्हणत. दादापेक्षा ती नऊ वर्षांनी लहान. आता साठी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. ती शहराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची. जागा मागच्या बाजूला, डावीकडे खांबाजवळ. दादाचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे एक खोली आणि त्यामागेच घर. खोलीत खिडकीखाली लांबच लांब टेबल, त्यावर पटाश्या, अंगठ्याएवढे रंधे, शिकंजे आणि एका पातेल्यात दिवसभर मंद आचेवर ठेवलेला सरस. त्या सरसाचा वास दादाच्या शर्टांना यायचा, पडद्यांना यायचा, उशांनाही यायचा. वहिनी म्हणायची, "माझं लग्न माणसाशी झालंय की डिंकाच्या डब्याशी, देव जाणे!"

दादाला स्वतःला वाजवता येत नव्हतं. म्हणजे तारा जुळवण्यापुरतं, गज ओढून बघण्यापुरतं यायचं, त्यापुढे आनंदच. म्हणून दुरुस्त झालेलं प्रत्येक व्हायोलिन आधी धाकटीच्या हातात जायचं. "बघ गं जरा," दादा म्हणायचा. ती दोन मिनिटं वाजवायची आणि सांगायची, घोडी केसभर डावीकडे घे, किंवा आतला खुंट जरा मागे सरकव. दादा निमूटपणे तसं करायचा, आणि वाद्य खरोखरच सुधारायचं. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं.

धाकटी चौतिशीत असताना ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेतली एक जागा रिकामी व्हायची होती. तीन महिन्यांनी चाचणी. या जागेसाठी तिचा जीव किती आसुसला होता म्हणून सांगू! खांबाजवळ बसून बसून तिला लोकांच्या पाठी पाठ झाल्या होत्या. पण जवळचं व्हायोलिन शिकाऊ वयातलं होतं, त्यावर चाचणी देणं म्हणजे हसं करून घेणं. इकडे दादाने तीन वर्षं आधीच कुणाला न सांगता एक नवं व्हायोलिन करायला घेतलेलं. लाकूड तर त्याने आठ वर्षं माळ्यावर वाळत ठेवलं होतं. चाचणीची बातमी कळल्यावर तो जिवाचं रान करून ते पुरं करायच्या मागे लागला.

आणि नेमकं तेव्हाच जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याकडे धाकटीने ते दीडशे वर्षांचं व्हायोलिन पाहिलं. खांद्यापाशी त्याचं पॉलिश झिजून खालचं लाकूड उघडं पडलेलं. आत चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तिच्यावर कुणा परक्या कारागिराचं नाव. धाकटीने टॉर्च घेऊन वरच्या फळीतल्या भोकातून दहादा आत डोकावून पाहिलं. व्यापारी तोंडात साखर ठेवून बोलणारा. "बाई, हे वाद्य मी विकत नाही, योग्य हातात सोपवतो," म्हणाला, आणि किंमत अशी सांगितली की धाकटीने ती दोनदा विचारून घेतली. पण ती भाळली होती. भाळलेल्या माणसाला कोण काय सांगणार? आठवडाभर वाजवून बघायला म्हणून ती ते घेऊन दादाच्या दुकानात आली.

टेबलावर दोन्ही व्हायोलिनं शेजारी शेजारी ठेवली. जुनं तिने हनुवटीखाली धरलं, गज लावला, आणि तिचे डोळेच मिटले. असा गोड, मऊ आवाज! मग नवं घेतलं. नव्याचा आवाज मोठा होता, थोडा खरखरीत, थोडा उद्धट. तिने मधेच गज थांबवला.

दादा म्हणाला, "अगं, जवळून असंच वाटतं ते. नवं आहे, महिनाभर वाजवलंस की मोकळं होईल. आणि इथे खोलीत ठरवूच नकोस तू. उद्या सकाळी सभागृह रिकामं आहे, मी विचारून ठेवलंय. तुझी ऑर्केस्ट्रातली मैत्रीण दोन्ही वाजवेल, तू शेवटच्या रांगेत बसून ऐक."

आता इथे एक सांगायला हवं. व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या कानापासून चार बोटांवर असतं. तिथे जे गोड वाटतं ते कधीकधी पाचव्या रांगेपर्यंतही जात नाही, आणि तिथे जे कानाला टोचतं तेच कधीकधी दारापर्यंत स्वच्छ पोचतं. म्हणून वाद्य निवडायचं तर दुसऱ्याच्या हातात देऊन लांबून ऐकायचं. हे धाकटीला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! आपल्या शिकवणीतल्या मुलांना ती हेच घोकून घोकून सांगायची.

पण ती म्हणाली, "दादा, मला नको शिकवूस. लांबून काय नि जवळून काय? सुताराने केलेल्या टेबलासारखं वाजतंय ते."

चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थबकली. दादा थोडंसं हसला. त्याने नवं व्हायोलिन फडक्याने पुसलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "बरं. पण उद्या ये तर खरं." धाकटी "बघते" म्हणाली. घरी जाऊन तिने मैत्रिणीला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं. दादाला मात्र फोन केला नाही. त्याच्याशी बोलायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यापाऱ्याकडे पैसे मोजत होती, आणि दादा नवं व्हायोलिन मांडीवर घेऊन सभागृहाच्या पायऱ्यांवर दीड तास बसून होता. हे तिला पुढे कितीतरी वर्षांनी वहिनीने सांगितलं, तेही भांडणाच्या भरात.

चाचणीचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. परीक्षक सभागृहाच्या मागच्या टोकाला बसले होते. वाजवून झाल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, "सूर सुरेख आहे, बाई. पण इथवर येत नाही." पुढे आणखी दोनदा पहिल्या रांगेत जागा निघाली, आणि दोन्ही वेळा हेच. खापर फोडायला धाकटीला डोकी काही कमी नव्हती: संचालक पक्षपाती, सभागृह जुनाट, गजाचे केस निकृष्ट. व्हायोलिनबद्दल मात्र एक शब्द नाही. एवढ्या हट्टाने आणलेल्या वस्तूला नावं कुठल्या तोंडाने ठेवायची?

आणि ते म्हातारं वाद्य तरी कसलं नाजूक! हवा कोरडी पडली की त्याला तडा, दमट झाली की सांधा सुटलेला. मग धाकटी पेटी उचलून दादाकडे. सत्तावीस वर्षं दादाने त्या व्हायोलिनच्या चिरा सांधल्या. हलक्या हाताने सरस लावायचा, शिकंजे आवळायचा, "परवा ये" म्हणायचा. टोमणा नाही, कुरकुर नाही. त्याने एकदा जरी "बघ, सांगितलं होतं ना?" म्हटलं असतं, तर धाकटीने भांडून मन मोकळं केलं असतं. नवं व्हायोलिन दोन वर्षं कपाटावर पडून होतं. मग बाहेरगावच्या एक शिक्षिका आल्या आणि ते घेऊन गेल्या.

एकदा धाकटीने विचारलं होतं, "दादा, पुन्हा नाही का रे एखादं करायला घेत?"

"दुरुस्तीतच दिवस जातो गं," तो म्हणाला. तिने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचंही होतं म्हणा.

निवृत्त झाल्यावर ऑर्केस्ट्राने तिला कायमचा पास दिला. पहिल्याच रविवारी दुपारी ती ऐटीत गेली, तर पुढच्या सगळ्या जागा भरलेल्या. मिळाली ती शेवटच्या रांगेतली खुर्ची. गंमत बघा, त्या सभागृहात तिने उभी हयात काढली, पण इतक्या मागे ती कधी बसलीच नव्हती. त्या दिवशी एकटीने वाजवणारी पंचविशीतली एक मुलगी आली होती. तिने पहिला लांब सूर लावला आणि धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलगी हळू वाजवत होती. मागे एवढा ऑर्केस्ट्रा चालू होता. तरी सूर असा येत होता, जणू शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी आपल्याशीच बोलतंय. आवाजात किंचित उद्धटपणा होता. तो तिने ओळखला. छे, असं कसं होईल, म्हणून तिने मन दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण आता तिचं ढुंगण काही खुर्चीला टेकेना.

मध्यंतरात ती धापा टाकत आतल्या खोलीत गेली. "व्हायोलिन कुणाचं गं हे?"

"माझ्या बाईंनी दिलं मला," मुलगी म्हणाली. "कुणी केलंय ते नाही माहीत. आत पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, पण अक्षर लागत नाही."

धाकटीने तिच्या फोनचा उजेड भोकातून आत टाकला. दादाचं अक्षर, उजवीकडे कललेलं, दुकानाच्या पावत्यांवर असायचं तस्संच. लिहिलं होतं: 'तिसरं. धाकटीसाठी.' त्या जुन्या वाद्याच्या पोटात तिने शंभर वेळा डोकावून पाहिलं होतं, आणि या नव्याच्या पोटात एकदाही नाही. ती तिथेच मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मुलगी बिचारी घाबरली. तिला वाटलं, आजींना चक्कर आली, आणि ती पाणी आणायला पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी दादाकडे गेली. दुकान आता बंद झालं होतं. दादा मागच्या खोलीत खिडकीपाशी मटार सोलत बसला होता, दोन्ही कानांत यंत्रं. तिने एका दमात सगळं सांगितलं. दादाचे हात थांबले.

"शेवटच्या रांगेत?" त्याने विचारलं. "कडेला की मधे?"

"कडेला."

"मागे ऑर्केस्ट्रा वाजत असताना?"

"हो."

"जाड तार कशी होती? मला ती दबलेली वाटायची. वरची फळी अजून थोडी तासायची होती तिथे."

"भरून येत होती, दादा. काही तासायला नको होतं."

तो मान हलवत राहिला. असा आनंदलेला तिने त्याला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्या आनंदाने तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकले मी, दादा," ती म्हणाली. "फार चुकले."

"अगं, चुकलीस काय त्यात? जे आवडलं ते घेतलंस."

"पण मग तू पुढे का नाही केलंस एकही? खरं सांग आता."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय विचारायचा प्रश्न आहे! "तूच म्हणालीस ना, टेबलासारखं वाजतंय? मला कुठे वाजवता येत होतं? दुकानातलं एकेक वाद्य मी तुझ्या कानाने पारखत आलो, त्यात तू कधी म्हणून चुकली नव्हतीस. मग नेमकी माझ्याच वाद्याला चुकलीस, असं मी कशाला धरून चालू? मला शंका होती, म्हणून तर सभागृहात ये म्हणत होतो. तू आली नाहीस. म्हटलं, खात्रीच असणार हिला. आपल्याला जमत नाही हे काम." तो पुन्हा शेंग सोलायला लागला. "अजून चार व्हायोलिनं होतील एवढं लाकूड होतं माळ्यावर. उगाच कशाला नासायचं, म्हणून दिलं एकाला."

धाकटी म्हणाली, "पुढच्या रविवारी ती मुलगी पुन्हा वाजवणार आहे. चल ना. मी घेऊन जाते तुला."

दादाने बोटाने कानातल्या यंत्रावर टिचकी मारली. "यातून बोलणं कळतं. व्हायोलिन लावलं की पत्रा घासल्यासारखं येतं. नको. तू ऐकलंस ना? झालं तर." थोडा वेळ तो शेंगा सोलत राहिला. मग मान वर न करताच म्हणाला, "खरंच येत होता गं आवाज मागेपर्यंत?"

"येत होता, दादा," धाकटी म्हणाली. पण ती इतकं हळू बोलली की त्याला ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणून त्याने कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की आतून वहिनी धावत आली, काय झालं म्हणून.