मधुकरचे इंजिन सदोष नव्हते

मधुकर गेल्याचे त्याच्या भावाने फोनवर कळवले. दुसऱ्या दिवशी पेपरात, त्याच्या संस्थेने पाठवलेल्या चार ओळी आल्या. शेवटची अशी: ‘त्यांचा इंजिनाचा प्रयोग फसला, तरी जिद्द दांडगी होती.’ प्रयोग फसला नव्हता. तो फसवला गेला.

मधुकर तंत्रशाळेत शिकवत असे. सत्तरच्या दशकात नंदनवन वस्तीतल्या घराच्या पडवीत त्याने विमानाच्या टर्बोप्रॉप इंजिनाची लहान प्रतिकृती बांधली. खरोखर चालणारी, पुढचा पंखा फिरवणारी. अवघड भाग इंधनाचा होता. रॉकेल आत चहूबाजूंनी सारखे पोचायला हवे. एका बाजूला जास्त गेले की तिथली ज्योत पंखा फिरवणाऱ्या आतल्या चक्राची पाती जाळते. धंतोलीच्या दवाखान्यांतून बोथट झालेल्या इंजेक्शनच्या सुया आणून त्याने त्या गोल नळीत बसवल्या. सुया दिसायला सारख्या, रॉकेलची धार मात्र प्रत्येकीतून वेगळी. त्याची बायको, सुशीलावहिनी, विणकराच्या घरातल्या. नवा ताणा जुन्याला जोडताना प्रत्येक धागा बोटावर ओढून पाहायची त्यांची सवय.

“एक धागा ढिला रायला तं पुरं लुगडं बिघडते. सुयाईचंही तेच. एकेक पाहा.”

“मंग तूच पाहा वं. मले शाळेत जा लागते.”

वहिनींनी प्रत्येक सुईची धार औषधाच्या बाटलीत धरून पाहिली आणि कमी-जास्त निघालेल्या बाजूला काढल्या. रॉकेल दाबाने ढकलायला मधुकरने स्टोव्हचा पंप लावला. इंजिन चालले. मी समोर उभा होतो.

मग संस्थेचे प्रदर्शन आले. दाबाची टाकी धोक्याची, असे ठरवून प्राचार्यांनी पंप काढायला लावला. सलाईनसारखी बाटली उंच टांगा म्हणाले. मधुकरने सांगितले, वेग वाढला की इंजिनातला दाब वाढेल, मग टांगलेल्या बाटलीतले रॉकेल आत शिरणार नाही.

“अहो मास्तर, पेशंटच्या अंगात शिरते, तुमच्या डब्यात काहून नाही शिरणार?” प्राचार्य म्हणाले. पाहुणे हसले.

इंजिन सुरू झाले, वेग घेतला, गुदमरून विझले. दाब उतरताच बाटलीतले रॉकेल आत साचू लागले. मधुकर म्हणाला, आधी ते काढू द्या. पाहुणे खोळंबले होते… प्राचार्यांनी शिपायाला काडी लावायला सांगितले. साचलेले सगळे एकदम भडकले आणि पाती वाकली. अहवालात शब्द आले: ‘रचना सदोष’. पंप काढल्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर मधुकरला कार्यशाळेतला लेथ वापरायची बंदी झाली. दुसरे चक्र त्याला कधीच घडवता आले नाही.

शोकसभेत तेच प्राचार्य, आता निवृत्त, ‘अपयशातली उमेद’ या विषयावर बोलले. शेवटी त्यांनी इंजिन मागितले. संस्थेच्या काचेच्या कपाटात ठेवायला.

“देईन नं,” वहिनी म्हणाल्या. “बाजूले जे पाटी लावान, तिच्यावर लिहा, पंप कोणं काढायले लावला.”

“वहिनी, जुन्या गोष्टी आता कशाला…”

“जुन्या? तुमच्या भाषणात तं आत्ता ताज्या होत्या.”

इंजिन नंदनवनातच आहे, पडवीतल्या टेबलावर. वाकलेली पाती वहिनी कोणाला सरळ करू देत नाहीत. पाटीचा मजकूर संस्थेकडून अजून आलेला नाही.