चेहऱ्यासमोरून फिरलेला हात

"मॅडम, चेहऱ्यासमोरून एकदा हात फिरवता का?" लॅपटॉपमधून आवाज आला. माझी भाची मुक्ता घरून करायच्या नोकरीसाठी मुलाखत देत होती. हल्ली लोक संगणकाच्या करामतीने पडद्यावर दुसऱ्याचा चेहरा लावून मुलाखतीला बसतात. हात आडवा गेला की खोटा चेहरा विस्कटतो म्हणे. मुक्ताने हसून हात फिरवला. बोटांमागून तिचाच घामेजलेला चेहरा पुन्हा उजळला.

ही नोकरी तिला हवीच होती. मैत्रीण म्हणालीही होती, "वेडे, उत्तरं मी मागून देते, तू नुसते ओठ हलव."

"आणि रोज कामालाही तूच बसशील का गं?" मुक्ताने विचारलं होतं.

मुलाखतीत पुढचा प्रश्न आला. ती शांतपणे म्हणाली, "हे मला येत नाही, सर."

दारातून ऐकताना मला तिचा अभिमान वाटला. पत्नी गेल्यापासून विचारपूस करणाऱ्यांना मी "बरा आहे" म्हणतो. ते उत्तर माझ्यामागे बसून दुसराच कोणी देत असतो.

मुक्ता बाहेर आली. "गेली बहुतेक नोकरी. तुमचा चेहरा का असा, मामा? बरे आहात ना?"

"नाही गं," मी म्हणालो.