शतावरीची पानं आणि धारूरचा घाट

बालाघाटात काय पाहावं, असं वाचक विचारतात तेव्हा मी धारूरचा घाट सांगतो. माझी तिथली पहिली फेरी मात्र पाहण्यासाठी नव्हती. नव्वदीच्या दशकाचा शेवट. औषधांच्या दुकानांत वनस्पतींच्या कॅप्सूल नुकत्याच दिसू लागल्या होत्या. केजचे औषधी मुळ्यांचे व्यापारी मन्मथआप्पा यांनी पाठवलेली शतावरी पुण्याच्या एका कारखान्यानं परत केली, मालात दुसऱ्याच मुळ्या आहेत म्हणून. तपासणीचं काम पुण्याच्या प्रयोगशाळेत असलेली माझी मावसबहीण वैशाली हिच्याकडे आलं. ती नमुने आणायला निघाली आणि मी वर्तमानपत्राच्या पुरवणीला मजकूर मिळेल म्हणून सोबत एसटीत चढलो.

वाटेत कडा गावच्या थांब्यावर चहा घेतला. साखर कारखान्याच्या मळीच्या वासात तो गोड लागला नाही. वैशालीचा पाय सारखा हलत होता. सोललेल्या, वाळलेल्या मुळ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, ती सांगत होती. त्यांतला डीएनए काढून तपासला की पट्ट्या उमटतात, प्रत्येक जातीच्या निराळ्या. तुलनेसाठी झाडाचं ताजं पान हवं आणि ते पुण्यापर्यंत थंड राहायला हवं. म्हणून मांडीवर थर्मास.

केजला आप्पा गादीवर होते, कपाळावर भस्माचे पट्टे. "लिंबाजीचं काम हाय हे. यंदा नवा डोंगर धरला त्यानं. त्याच्या बापापासून आमी माल घेतो, अन् ह्यानं असं करावं?" लिंबाजीचा माल घेणं त्यांनी बंद केलं होतं.

गच्चीवर मुळ्यांचं भलंमोठं वाळवण होतं.

"यातली कुणाची कुठली?" वैशालीनं विचारलं.

"समद्यांची एकत्रच, बाई. आजोबापासनं हीच रीत. एकाची ओली, एकाची वाळकी, असा भेद न्हाई. भाव सारखा." आप्पांनी हे अभिमानानं सांगितलं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि परत आलेल्या पोत्यांतून मूठमूठ मुळ्या पिशवीत भरल्या.

बर्फ रसवंतीवर मिळाला. पुढं धारूरच्या घाटाकडे जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. "सरक की बे, अजून दोघं बसत्यात!" ड्रायव्हर ओरडत होता आणि आमचा बर्फ वितळत होता.

घाट उतरून विचारत विचारत गेलो, तेव्हा लिंबाजी मेंढरांमागे सापडला. उतारावर चढून त्यानं नव्या डोंगरावरची झाडं दाखवली, घरातल्या मुळ्याही दिल्या.

"कावून तोडता, ताई? पानाला काय कळतंय?"

"तुमची मुळी खरी शतावरी आहे का, ते बघायचंय."

"अन् नसली तर?"

"तर तसं लिहीन."

त्यानं वाट सोडणारं एक मेंढरू वळवलं. "लिवा. पन असली, तर आप्पानं हितं यावं. भर बाजारात चोर म्हनला मला. निरोप नको."

परतताना घाटात उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला. जीप उभी. वैशाली सारखी थर्मास उघडून बघायची. "उघडशील तितका लवकर वितळेल," मी वैतागून म्हणालो. खरं तर मलाही आत डोकावायचं होतं. केजला बर्फ पुन्हा भरला, जामखेडला पुन्हा.

पानं पुण्यापर्यंत टिकली. तपासणीत लिंबाजीची पानं आणि मुळ्या, सगळी खरी शतावरी निघाली. पोत्यांत मात्र दोन जाती होत्या. वैशालीनं एसटीडी बूथवरून आप्पांना कळवलं. मी शेजारी रिसीव्हरला कान लावून उभा.

"मग दुसरी कोनाची हाय?"

"गच्चीवर एकत्र झाल्यावर ते नाही सांगता येत, आप्पा. जात कळते, आणणारा नाही."

वैशालीनं लिंबाजीचं म्हणणं शब्दशः सांगितलं.

"बाई," आप्पा म्हणाले, "त्याची वस्ती घाटाच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

दोन पिढ्यांचा माल घेतलेला माणूस हे आम्हाला विचारत होता. वैशालीनं वाट सांगितली. वाचक विचारतात तेव्हा मीही तीच सांगतो: घाट उतरलात की उजव्या हाताला मेंढरांची पायवाट धरा. तिथून पुढं जीप जात नाही, चालावं लागतं.

"चालंन मी," आप्पा म्हणाले.