बेडकांची घाई आणि आबांचे भाऊबंद

सोमवारी विद्यापीठाची कमिटी येणार होती आणि शुक्रवारी सकाळी माझ्या लॅबच्या फरशीवर नखाएवढे बेडूक उड्या मारत होते. मी दारातूनच बोंब ठोकली, "नाना!"

नाना आमचे लॅब अटेंडंट. ऐंशीच्या दशकात मी चोपड्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवायला लागले, तेव्हापासून माझं प्रत्येक लेक्चर ते दाराशी उभं राहून ऐकत. मुलांपेक्षा लक्ष देऊन.

आदल्या आठवड्यात मी पेपर तपासायला धुळ्याला गेले, तेव्हा काचेच्या टाकीत टॅडपोल होते. टॅडपोल म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिलू. मागच्या हौदात त्याच अंड्यांतले आणखी होते. त्यांच्या शेपट्या अजून जागेवर होत्या. टाकीतले मात्र आठ दिवसांत बेडूक होऊन बसले होते.

"काय टाकलंत यात?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच वर्गमा सांगं व्हतं, गळानी गाठना रस भेटना का पिल्लूना बेडूक व्हस. आमना घरमा त्या गाठन्या गोळ्या शेतस. कमिटीले पिल्लं काय दखाडानं? बठ्ठा बेडूक करी टाकात."

मला राग आला आणि हसूही आलं. थायरॉइड म्हणजे आपल्या गळ्यातली ग्रंथी. तिचा रस कमी पडला की डॉक्टर गोळी देतात. त्याच रसाने टॅडपोलची शेपटी जाते. कमिटीला पिल्लं नकोत, सगळे बेडूकच दिसावेत, म्हणून नानांनी बायकोच्या गोळ्या रोज टाकीत विरघळवल्या होत्या. लेक्चर त्यांना नको तितकं समजलं होतं. "उद्यापासून गोळी वहिनींच्या पोटात गेली पाहिजे," मी दरडावलं.

प्रिन्सिपॉल धावत आले. "हौदातले टाकीत सोडा आणि गप्प बसा. अशी लॅब बघून कमिटी आपल्याला तिसऱ्या वर्षाचा वर्ग काढायला परवानगी देईल का?"

ही परवानगी सुनंदासाठी जीव की प्राण होती. सुनंदा माझी सेकंड इयरची विद्यार्थिनी, केळी पिकवणाऱ्या घरातली. तिच्या आजोबांनी, आबांनी, साफ सांगितलं होतं, तिसरं वर्ष चोपड्यात निघालं तर शीक, रोज जळगावला एसटीने जाणं नाही.

नाना टाकीचं पाणी मागच्या नाल्यात ओतायला निघाले. प्रॅक्टिकलला आलेली सुनंदा आडवी आली.

"नाना, नाल्यात नको. तिथेही टॅडपोल आहेत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आमच्या गावचा कंपाउंडर जुन्या गोळ्या नाल्यातच फेकतो. तिथल्या बेडकांचं काय होत असेल?"

इतकी वर्षं शिकवत होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी प्रिन्सिपॉलना सांगितलं, "सर, दोन्ही मांडणार. एकीकडे हौदातले, एकीकडे गोळीवाले." ते कपाळाला हात लावून निघून गेले.

सोमवारी कमिटीचे अध्यक्ष दोन्ही टाक्यांपुढे थांबले. मी नानांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. सुनंदाने गावच्या नाल्याचं सांगितलं. अध्यक्ष बराच वेळ काचेला नाक लावून बघत होते.

"मुली, शेपटी गेली म्हणजे उत्क्रांती झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. ही एकाच जिवाची वाढ. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात."

"मग माणूस माकडापासून झाला, हे पटतं?"

हाच प्रश्न मी वर्गात चिठ्ठ्यांवर विचारला होता. बहुतेकांनी लिहिलं होतं, 'पेपरात हो, घरी नाही.'

सुनंदा म्हणाली, "माकडापासून नाही सर. माकड आपलं चुलत. दोघांचा आजोबा एकच, फार फार मागचा."

"हे घरी सांगितलंस?"

"आबांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

सुनंदा अडखळली, मग आबांच्याच आवाजात म्हणाली, "'चुलत शे का? मंग बरोबर शे. म्हनीसनच दर साल केळीमा वाटा लेवाले येस!'"

अध्यक्ष इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दाराशी नाना हसत होते. प्रिन्सिपॉलही हसले, पण अध्यक्षांच्या नंतर.

परवानगीचं पत्र आलं, त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये लहान मुलीसारखी नाचले. सुनंदाने तिसरं वर्ष चोपड्यातच केलं. कंपाउंडरला तिने आणि आबांनी मिळून गाठलं. आता जुन्या गोळ्या गावाबाहेर कोरड्या खड्ड्यात जातात, असं आबा मला सांगायला आले. येताना केळीचा घड घेऊन आले होते.

"आणि माकडं, आबा? त्यांना वाटा देता ना आता?"

"गोफण शे ना," आबा म्हणाले. "भाऊबंदले वाटा असाच देतस."

यातून मी एवढंच शिकले, कमिटीला खरं सांगावं, आणि धुळ्याला जाताना लेक्चरमधलं काय टाकीत करून बघायचं नाही, तेही नानांना ऐकवून जावं.